सहा कामट्यांची काठी

शालिग्राम भोयाला लकवा मारला त्या वर्षी नळगंगेला पाणी चांगलं होतं आणि मासाही भरपूर होता. पाणी आटलं असतं तर सगळेच भोई घरी बसले असते आणि त्याचं एकट्याचं बसणं कुणाच्या डोळ्यांत आलं नसतं.

माझा भाजीचा मळा नदीला लागून होता आणि त्याचं घर मळ्याच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासूनची दोस्ती. तो मला वामन्या म्हणायचा, मी त्याला शाल्या. पाग टाकण्यात त्याचा हात धरणारा आमच्या काठावर दुसरा नव्हता. पाग म्हणजे फेकून टाकायचं गोल जाळं. त्याची एक घडी डाव्या कोपरावर घ्यायची, दुसरी उजव्या हातात, आणि कडेची शिशाची गोळी दातांत धरायची. मग कमरेतून फिरून फेकलं की जाळं पाण्यावर परातीसारखं उघडतं. लकव्यानं शालिग्रामचा डावा हात गेला, डावा पाय ओढायला लागला आणि डावा गाल लोंबला. दातांतली पकडही गेली. पाग घरात खुंटीला टांगलेली राहिली.

त्याची बायको सोजराबाई दुसऱ्या भोयांकडून मासे घेऊन बाजारात विकू लागली. घरात चूल पेटत होती. पण दुसऱ्यानं धरलेला मासा शालिग्राम तोंडात घालत नसे. भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन बसायचा. सुरुवातीला चार माणसं त्याला पाहायला आली. पुढे ज्याला त्याला आपलं काम. अंगणातल्या बाजेवर तो एकटाच नदीकडे तोंड करून बसलेला दिसायचा.

एकदा मी वांगी द्यायला गेलो तेव्हा म्हणाला, "वामन्या, एक डाव माह्या हातानं मासा काढाव वाटते बे. एकच. मग काही मांगत नाही."

मी वांगी ठेवली आणि निघालो.

बुलढाण्याचे साहेब लोक नुकतेच गेले होते. वऱ्हाड अजून मध्यप्रांताला जोडलेलंच होतं, कचेऱ्या त्याच होत्या, फक्त बंगले रिकामे झाले होते. त्यातलं किडूकमिडूक सामान खानसाम्यांच्या हातून राजूरच्या घाटानं खाली उतरायचं आणि मोताळ्याच्या बाजारात गफूरभाई कबाड्याच्या तरटावर येऊन पडायचं. तिथं एका बाजाराला मला फुटके कंदील आणि बुटांचे साचे यांच्यात तीन काठ्या दिसल्या.

"हे काय व्हय, गफूरभाई?"

"साहब की छडी. मच्छी पकडने की."

"एका मच्छीले तीन काठ्या?"

"साहब को चाय पीने को तीन बर्तन लगते थे, भाऊ. तुम छडी की बात करते."

एका साहेबाला मी पूर्वी नळगंगेतल्या म्हसोबाच्या डोहावर बसलेलं दुरून पाहिलं होतं. एका हातात अशीच काठी आणि दुसऱ्या हातात पाइप. ते चित्र डोळ्यांपुढे आलं. हे तर एका हाताचं काम.

मी काठ्या हातात घेतल्या. सगळ्यांत चकचकीत होती ती जरा वाकवली तर आतून करकरली. किड्यानं पोखरली होती. दुसरीचं टोकच तुटलेलं. तिसरी अगदी कळकट. दोरी ओवायच्या तारेच्या कड्या गंजलेल्या, त्यांच्यावर गुंडाळलेला रेशमी दोरा कुजलेला, मुठीचं बूच उंदरांनी कुरतडलेलं, आणि शेंडा एका अंगाला कललेला. मुठीजवळची दोरी गुंडाळायची पितळी फिरकी हिरवी पडून जाम झालेली. पण शेंडा जमिनीला टेकवून दाबला तर काठी मुकाट्यानं वाकली आणि सोडल्याबरोबर हातात थरथरत सरळ झाली. वेलांना आधार देण्यात माझा जन्म गेला आहे. मेलेला बांबू असा परत येत नाही.

मी ती तिथंच टाकली आणि चकचकीत काठी न्याहाळत बसलो.

"वो बढिया है," गफूरभाई म्हणाला. "डिप्टी साहब की."

"महाग असंन. मले तं वालाच्या येलाले आधार पाह्यजे. हे कचरा देता का?"

"कचरा भी साहब का है."

शेवटी एक पाटी वांग्यांवर सौदा पटला. "बैंगन में कीडा नको," त्यानं बजावलं.

"तुमच्या काठीत नसला तं माह्या वांग्यात बी नाही," मी म्हणालो आणि तो हसला.

घरी न जाता तसाच शालिग्रामच्या अंगणात गेलो. काठी त्याच्या मांडीवर ठेवली. उजव्या हातानं त्यानं मूठ धरली, काठी उचलली, हवेत तोलली. मग ती मांडीवर ठेवून त्याच हातानं फिरकीचा दांडा चाचपला. पुन्हा मूठ धरली. पुन्हा फिरकी. मग नदीकडे पाहत राहिला.

"कशी हाय?" मी विचारलं.

"चांगली हाय," तो म्हणाला. "दुरुस्तीले बसा लागीन तुले."

"बसतो न. मले काय घाई हाय?"

त्या दिवसापासून त्याचं अंगण भरायला लागलं. सकाळचं पाणी देऊन झालं की मी तिकडे जायचो. चिंच आणि राख लावून फिरकी घासली, तिच्यात तिळाचं तेल सोडलं. तिसऱ्या घासणीला ती हलली आणि करकर करत फिरली, तेव्हा सोजराबाई चुलीपुढून उठून बाहेर आली. नदीवर जाणारे भोई वाकडी वाट करून काठी पाहायला थांबू लागले. काठीचं निमित्त, पण बसायचे शालिग्रामजवळ. बोलायचे माशांचं.

"इंग्रज गेला अन् शाल्याले काठी ठिवून गेला," अर्जुना भोई म्हणाला.

"राज्य तुले देलं न," शालिग्राम म्हणाला. "मले काठी पुरते."

त्याचा वाकडा गाल हसताना आणखी वाकडा व्हायचा. सोजराबाई ते पाहून आत निघून जायची.

कललेला शेंडा सरळ करायचं काम माझ्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. म्हणून मी काठी सुभद्रामायकडे नेली. सुभद्रामाय बुरडाची, म्हातारी, अख्ख्या गावाच्या टोपल्या आणि सुपं तिच्या हातची. तिनं काठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "लई वाळला व्हय. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेलो तर ती दारातच बसली होती. समोर ओल्या फडक्यावर सहा बारीक कामट्या पडलेल्या. मला आधी कळलंच नाही.

"काठी कुठं हाय, माय?"

"हेच व्हय."

वाळलेला बांबू वळवायच्या आधी पाण्यात भिजत घालायचा, ही बुरडाची रीत. तिच्या आईनं तेच केलं, आजीनं तेच केलं. तिनं काठी टाक्यात बुडवून ठेवली होती. पण साहेबाची काठी एका बांबूची नव्हतीच. तीन धारांच्या सहा कामट्या तासून, सरसानं एकीला एक चिकटवून ती केलेली. वरून जोड दिसत नव्हता. पाण्यात सरस विरघळला आणि काठी उकलली.

सुभद्रामायनं एक कामटी उचलून उजेडात धरली. "कोन्या मानसानं तासल्या असतीन रे ह्या? एका केसाचा फरक नाही." मग तिनं कामटी खाली ठेवली. "मी भिजवल्या. कोरडा बांबू हाती आला की भिजवाव, एवढंच हाताले माहीत."

आम्ही सुताराकडून सरस आणला, कामट्या चिकटवून पाहिल्या. पण ओल्या होऊन वाळताना त्यांनी प्रत्येकीनं आपला पीळ घेतला होता. त्या पुन्हा एकमेकींना लागून बसेनात.

शालिग्रामला सांगायला सुभद्रामाय स्वतः आली. कामट्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. तो रागावेल असं मला वाटलं होतं.

"बस, माय," तो म्हणाला. "तुह्या हाती बांबू आला अन् त्याचा परत बांबू झाला. त्यात काय? दुसरी कर. पन इथंच बसून कर. मले पाह्यता येईन."

मग म्हातारी रोज आपली कोयती घेऊन त्याच्या अंगणात येऊ लागली. डोंगरातला भरीव बांबू आणवला, तासला, तेल लावून निखाऱ्यावर धरून गुडघ्यावर सरळ केला. साहेबाच्या काठीचं बूच, मुठीवरची पितळी नळी, फिरकी, कड्या सगळं नव्या काठीवर चढवलं. एकेक कडी मी रेशमी दोऱ्यानं बांधली आणि वर जवसाच्या तेलाचा हात दिला. कडी बांधताना शालिग्राम आपला उजवा अंगठा दोऱ्यावर दाबून धरायचा. त्याच्या मनासारखं झालं नाही तर म्हणायचा, "सोड. परत बांध." मी परत बांधायचो.

पितृपक्ष सरला तेव्हा काठी तयार झाली. शालिग्रामला बैलगाडीत बसवून आम्ही म्हसोबाच्या डोहावर नेलं. सोजराबाई टोपली घेऊन मागून चालत आली. डोहाच्या काठी एका सपाट दगडावर त्याला बसवलं. तेव्हा मी पाहिलं, त्याच्या कमरेला जुन्या लुगड्याची जाड शिवलेली पिशवी बांधलेली होती. त्यानं काठीचं बूड त्या पिशवीत खोचलं.

"हे कायले?"

"असू दे."

बेडकीचं पिल्लू गळाला लावून मी दोरी पाण्यात टाकली. तो उजव्या हातानं काठी धरून बसला. ऊन चढलं. पाणी हिरवं आणि अगदी शांत होतं. खंड्या दोनदा सूर मारून गेला. शालिग्रामचा चेहरा, खरं सांगतो, लकव्याच्या आधीचा दिसत होता.

मग काठीचा शेंडा एकदम पाण्यापर्यंत वाकला.

"मरळ हाय," तो हळूच म्हणाला.

दोरी फिरकीवरून सुटत चालली. ती आवरायला फिरकी फिरवायला हवी होती. त्यानं उजवा हात काठीवरून काढून फिरकीला घातला. काठी कमरेच्या पिशवीत होती, पण तिला वर धरायला हात नव्हता. ती त्याच्या मेलेल्या अंगावर, डावीकडे, आडवी झाली. त्यानं पुन्हा काठी धरली, तर फिरकी मोकळी सुटली. पुन्हा फिरकी, पुन्हा काठी. अंगणात त्या पहिल्या दिवशी त्याचा हात असाच फिरला होता, ते मला आत्ता आठवलं.

मी पुढे झालो.

"हात लावू नको, वामन्या."

मी थांबलो. सोजराबाई टोपली घट्ट धरून उभी होती. दोरी ताणली गेली, खडकावर घासली आणि तुटली. डोहात एक मोठं वलय उठलं आणि हळूहळू काठाला येऊन विरलं. शालिग्रामनं काठी कमरेतून काढून गवतावर ठेवली आणि हात धोतराला पुसला.

"मोठी व्हती," तो म्हणाला.

परतताना गाडीमागून चालत सोजराबाई मला म्हणाली, "भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका. यायले पह्यल्याच दिवशी समजलं व्हतं."

"काय?"

"हे दोन हाताचं काम हाय म्हणून. पिशवी मागून शिवली. म्हने, लागला तं लागला डाव."

"मग तो बोलला काऊन नाही? इतके दिस आमी उगा..."

"तुमी येत व्हते न रोज," ती म्हणाली. "मले म्हने, सांगू नको. अंगनात मानसं येऊन राह्यली."

पुढे गाडीत शालिग्रामची पाठ दिसत होती. चाक खडकावरून गेलं की ती डावीकडे कलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात पाणी देत होतो. अंगणात जायला आता काही निमित्त नव्हतं, पण पाय तिकडेच वळले. शालिग्राम बाजेवर बसला होता. काठी मांडीवर. शेंड्याकडची कडी सुटून लोंबत होती आणि रेशमी दोरा उकलून त्याच्या पायाशी पडला होता. त्याच्या उजव्या हाताची नखं जवसाच्या तेलानं पिवळी झाली होती.

"दोरा सुटला बे," तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी त्याच्याजवळ बसलो. "ढिला बांधला असंन म्या."

"ढिलाच बांधते तू. कितीदा सांगाव?"

त्यानं अंगठा पुढे केला आणि मी दोरा गुंडाळायला घेतला. कडी सुटल्याचं मी सुभद्रामायला सांगितलं, तिनं अर्जुनाला. कुणी काही विचारलं नाही. हिवाळाभर दोन-चार दिवसांआड एखादी कडी सुटायची, कधी मूठ ढिली व्हायची, आणि आम्ही बसून बांधायचो. माशांच्या गोष्टी व्हायच्या. डोहावर पुन्हा जाऊ असं मात्र कुणी म्हटलं नाही, आणि तोही म्हणाला नाही.

होळीच्या अलीकडे त्याला दुसरा झटका आला आणि त्यात तो गेला. तेरावं झाल्यावर सोजराबाईनं काठी माझ्या हातात दिली. "वालाले आधार लावा," ती म्हणाली. "तुमी गफूरभाईले तेच सांगलं व्हतं न?"

मी लावली नाही. म्हसोबाचा डोह पुढे धरणाच्या पाण्यात गेला. काठी माझ्या घरात आढ्याला आहे. तिची मधली कडी त्याच्या शेवटच्या सकाळी सुटलेली, तिचा दोरा तसाच खाली लोंबतो. बांधायला घेतला तर दाबून धरायला त्याचा अंगठा लागेल.