जिंकलेल्या गाडीचा चिखल

"मालक, बादली खाली ठेवा. हा चिखल गेला तर विकायला उरलं काय?"

"फरशी पुसतोय, फेर्नां. गाडीला हात लावत नाही."

फेर्नां दुकानातला विक्रेता. त्याची काळजी खोटी नव्हती. लियाँ शहरात शर्यत जिंकलेली गाडी न धुताच काचेमागे उभी करत; चिखल हाच विजयाचा पुरावा. दुकानाचा मालक अनातोल ब्रिसू आठ वर्षं गाड्या बनवत होता. मजबुतीच्या गोष्टी सांगून वर्षाला तीन खपायच्या. यंदा घाटाची शर्यत जिंकली आणि दाराशी गर्दी झाली.

शर्यत भर पावसात झाली होती. शेजारी बसून त्याची बायको ओदील इंजिनाला तेल द्यायचा पंप हाताने मारत होती. एका वळणावर त्याने तिच्याकडे पाहिलं, तर ती ओरडली, "समोर बघा. लग्न झालंय आपलं, आता काय बघताय?" घरी आली ती कुडकुडतच. आठव्या दिवशी न्यूमोनियाने गेली.

चिखल फेर्नांपेक्षा अनातोललाच हवा होता. तिच्या सीटच्या पाठीवर त्याचे थर बसले होते आणि मधोमध, ती टेकली होती तेवढं लाल चामडं स्वच्छ राहिलं होतं. खांद्यापासून कमरेपर्यंत.

दुपारी रेशमाचे व्यापारी गार्देल बायकोला घेऊन आले.

"हीच गाडी द्या, अशीच. आत्ता बाजारातून नेतो. उद्या आमच्यातले पाच जण तरी तुमच्या दारात उभे राहतील."

"ही विकायची नाही. अशीच दुसरी बनवून देतो."

"दुसरी शर्यत जिंकलीय का?"

फेर्नां कानाशी आला. "मालक, गर्दी नुसती बघून जाते. कारखान्यात सहा माणसं हातावर हात ठेवून बसलीत."

 अनातोलने गाडी रस्त्यावर काढायला लावली आणि स्वतः हँडल फिरवून इंजिन सुरू केलं.

मादाम गार्देलनी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि सीटवरचा तो स्वच्छ आकार बघून त्या थांबल्या.

"इथे कोण बसलं होतं?"

"माझी बायको."

त्यांनी पाय खाली घेतला. नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी ट्रामने येते."

"अगं, लोक बघणार आहेत."

"बघू देत."

गार्देल एकटेच गेले. आवाज विरेपर्यंत मादाम अनातोलशेजारी फुटपाथवर उभ्या होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "जेवलात का?"

तो आठवू लागला. त्याला आठवेना.