पारा बरोबर होता

"एकवीस. परत एकवीस. अहो, ह्याच्या पुढचापण एकवीसच," मी वाचता वाचता थांबले. "टायपिस्टला डुलकी लागली होती काय?"

"तू कॉम्प्युटरचा कागद वाचतेयस, मथुरा. टाइप केलेला माझ्याकडे हाय. वाच पुढे, मी ताडून बघतोय."

सत्त्याऐंशी सालच्या मार्चातली रविवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने ह्यांना पीएच.डी.च्या प्रबंधाच्या चार प्रती घेऊन मुंबईला जायचं होतं. मंगळवारी मुदत संपत होती, आणि ती आधीच दोनदा वाढवून झालेली. रत्नागिरीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या ह्या माणसाने आठ वर्षं प्रत्येक मे महिना मुंबईच्या कॉम्प्युटरपुढे घालवला होता. दारचे आंबे मी आणि सासूबाईंनीच उतरवून घेतले. मी मॅट्रिक, पण आकडे वाचायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

विषय त्यांनी मला एकदाच समजावला होता. कॉम्प्युटरमध्ये बत्तीस अणूंचा एक थेंब, नुसता आकड्यांचा: एकेका अणूचा वेग, आणि दिशेसाठी अधिक-उणे. उष्णता म्हणजे त्या अणूंची आपापसातली धावपळ. "मग माझ्या स्वयंपाकघरात ती भरपूर आहे," मी म्हटलं होतं. धावपळ वाढली की प्रोग्रॅम सगळ्यांचा वेग एकदम कमी करतो, मंदावली की वाढवतो, म्हणून तापमान जागचं हलत नाही. त्याचा आलेख प्रबंधात होता, ताणलेल्या दोरीसारखा सरळ. पदवी त्याच्यावरच मिळायची होती.

"सुरुवातीच्या पानांवर कोण इकडे पळतोय, कोण तिकडे," मी म्हणाले. "इथे सगळे एकाच बाजूला, एकाच वेगाने. एस.टी.त झोपलेल्या पाशिंजरांसारखे."

ह्यांनी कागद माझ्या हातातून ओढला. बोट आकड्यांवरून खाली गेलं, पान उलटलं, पुन्हा खाली गेलं. त्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला. कशाला बोलले मी, असं झालं.

"गाडी धावतेय," ते हळूच म्हणाले, "आणि आतले सगळे गार पडलेत. प्रोग्रॅम गाडीच्या वेगालाच उष्णता समजत बसला. थेंब गोठला गो. मी नुसता पारा बघत राहिलो."

"परीक्षकांना कुठे कळतंय? एवढे आकडे कोण वाचतो?" भ्यालेलं माणूस काय वाटेल ते बोलतं. "ही पानं घालूच नका ना. आठ वर्षं, अहो!"

"आप्पांच्या वेळेलापण पारा बरोबर होता."

आप्पा म्हणजे माझे मामंजी. शेवटच्या आजारात त्यांचा ताप उतरला, तापमापी अठ्ठ्याण्णव दाखवतेय, म्हणून आम्ही सगळे हसत होतो. सासूबाईंनी तेवढा तळपायांना हात लावला आणि "सुंठ आणा!" म्हणून ओरडल्या. चोळून चोळून त्यांचे हात लाल झाले, पण पाय काही गरम झाले नाहीत.

ह्यांनी पेन उघडलं. 'तापमान स्थिर राहिले' असं जिथे टाइप केलं होतं तिथे रेघ मारली आणि समासात इंग्रजीत काहीतरी लिहिलं. मी अर्थ विचारला.

"तापमान बरोबर दिसते, पण थेंब गोठलेला आहे. ही पद्धत चुकीची."

"नापास केलं तर?"

"करतील."

"मला भीती वाटतेय."

"मलापण गो."

तिसऱ्या प्रतीवर शाई फिसकटली. सासूबाई दारातून हे सगळं बघत होत्या. अणू त्यांना ठाऊक नव्हते, मुलाचं तोंड ठाऊक होतं. त्या येऊन खुर्चीशी खाली बसल्या आणि ह्यांच्या तळपायांना हात लावला.

"गार पडलायस रे, आत्माराम," एवढंच म्हणून त्या उठल्या, आतून सुंठीची डबी घेऊन आल्या आणि पाय चोळायला लागल्या.

ह्यांनी पाय मागे घेतले नाहीत. चौथी प्रत पुढे ओढली.