अंग चोरणारी गाडी

वालूरच्या योगीराजनं एकदा गावात शूटिंग हाय अशी आवई उठवली आन् अर्धी गल्ली पावडर लावून चौकात उभी केली. असल्या माणसाकडून कुणी भल्याची आशा ठेवत न्हाई. म्हणून फर्निचरच्या कामातून उरलेलं प्लायवूड घेऊन तो बन्सीधरच्या ओसरीत शिरला, तवा बन्सीधरच्या बायकोनं, पार्वतीबाईनं, आधीच विचारलं, "भावजी, आता काय नवीन खूळ?"

"वहिनी, शर्यतीचा रस्ता करायलोय."

बन्सीधर खाटेवरून नुसता बघत राहिला. शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी पळवणारा हा धुरकरी. आठ महिन्यांमागं लकवा मारला, उजवा हात गेला, पाय लंगडा झाला. तवापासून त्याचा कशातच जीव लागंना. लहानपणापासूनचा हा दोस्त पुन्हा जिद्दीला पेटावा, एवढंच योगीराजला पाहिजे होतं.

फळीवर त्यानं गोल रस्ता आखला, मशीननं दोन खाचा कोरल्या, खाचांच्या दोन्ही अंगाला तांब्याची पट्टी चिकटवली. खेळण्यातल्या गाड्यांना खालून खिळा बसवला. खिळा खाचेत, करंट पट्टीतून. बटण जितकं दाबावं तितकी गाडी पळती. वळणावर लय दाबलं तर मात्र उडून पडती. बन्सीधरचं बटण डाव्या हाताच्या मापाचं केलं.

पहिल्या दिवशी बन्सीधर जिंकला. दुसऱ्या दिवशीबी. योगीराजनं फळीखाली आपल्या वायरीत करंट कमी करणारा तुकडा बसवला होता. जन्मात पहिल्यांदाच स्वतः हरायला लबाडी केली, म्हणून त्याला लय थोर वाटायलं होतं.

तिसऱ्या दिवशी बन्सीधरनं मधीच बटण खाली ठेवलं. "तुझी गाडी अंग चोरायली."

"चाक जाम असंल."

"जाम चाक घासल्यासारखं वाजतं. बाजूची जोडी दमली का धुरकऱ्यानं आवळून धरली, हे मला मान न वळवता कळायचं, लेका. फळी उलटी कर."

योगीराजनं गाड्या काढून बाजूला ठेवल्या. त्यानं फळी उलटी केली.

बन्सीधर तुकड्याकडं बघत म्हणाला, "आख्ख्या गावासंगं मलाबी फसवलंस, कधी राग आला न्हाई. तवा तू मला गडी समजून फसवायचास. आता लेकरू समजून जितवायलास. उचल हे." आन् तोंड भिंतीकडं केलं.

'चुकलो' म्हणायची योगीराजच्या जिभेला सवयच नव्हती. त्यानं पक्कड घेतली, तुकडा तोडला, वायर जोडली आन् दोन्ही गाड्या रेघेवर लावल्या.

"आता तुला लय वंगाळ हरवणार हाय."

बन्सीधरनं मान वळवून रेघेवरच्या गाड्या बघितल्या. मग डावा हात बटणाकडं आला.

पहिली शर्यत योगीराजनं मारली. दुसरीबी मारली. तिसरीला बन्सीधरनं वळणावर अंदाज न घेता बटण दाबलं. गाडी उडाली आन् थेट दाराच्या उंबऱ्याशी जाऊन पडली. योगीराज उठाया लागला.

"बस खाली. माझी गाडी हाय ती."

बन्सीधर खाटेचा माचवा धरून उभा राहिला. मग भिंत धरली. चार पावलांना त्याला लय वेळ लागला. पार्वतीबाई पुढं सरकली, तिला योगीराजनं नजरेनंच थांबवलं. मांडीवर हात दाबून बसणं त्याला जन्मात इतकं जड गेलं नव्हतं.