लिफ्टमधली ठकी

लिफ्टमन सकाळपासून वर-खाली करत होता आणि लिफ्टमध्ये कुणीही नव्हतं. म्हणजे तसं म्हणायचं. स्टुलाखालच्या टोपलीत त्याची सहा महिन्यांची नात होती, ठकी. ठकीला झोप लागे ती चालत्या लिफ्टमध्येच. लिफ्ट थांबली की आधी तिचे डोळे उघडत आणि मग तोंड.

त्याची मुलगी, म्हणजे ठकीची आई, याच इमारतीत फरशा पुसायची. दोघांच्या पगारावर एक खोली कशीबशी उभी होती. पाळणाघराची चौकशी करून मुलगी म्हणाली होती, "बाबा, ठकीला तिथे ठेवायचं तर आधी तिलाच कुठेतरी कामाला लावावं लागेल."

तळमजल्यावर मॅनेजरसाहेब आत आले. "चौथा."

चौथा आला. साहेब दारातच थांबले, एक पाय आत, एक बाहेर.

"काका, माणसं तेवढीच आणि लिफ्ट दुप्पट चालते. बटणंच बसवून टाकतो. लिफ्टमनची भानगडच नको."

टोपलीवरचं फडकं हललं. लिफ्टमनचा हात दाराकडे गेला.

"साहेब, पाचव्यावर काही काम असेल तर..."

"नाही."

"गच्चीवर? हवा बरी आहे."

"मी काय म्हणतोय ते ऐकताय का?"

ऐकलं ठकीने. तिने असा सूर लावला की अख्ख्या मजल्याच्या माना वर झाल्या. मुलगी ओल्या फडक्यासकट जिन्यावरून धावत आली. "बाबा, थांबवलीत कशाला?" म्हणाली आणि साहेबांना बघून तिने जीभ चावली.

साहेबांनी टोपली पाहिली, मुलीला पाहिलं, लिफ्टमनला पाहिलं. "उद्यापासून तुमच्यापैकी एकाने घरी बसायचं."

"कुणी ते तुम्हीच ठरवा, साहेब. मी बसलो तरी सगळे अर्धपोटी, ही बसली तरी तेच. ठकी बसली असती, पण तिला अजून बसता येत नाही."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. हेड ऑफिस. त्यांनी फोन कानाला लावला, ठकीने आवाज चढवला.

"आधी हिला गप्प करा."

"त्यासाठी चालवावी लागेल."

"मग चालवा ना," म्हणत साहेब बाहेर झाले.

लिफ्टमनने दार ओढलं. हा हुकूम आजपुरता की कायमचा, हे विचारायला त्याला सवड नव्हती. सातवा आला होता आणि लगेच खाली निघायचं होतं.