कणकेचं माप

सकाळी साडेनऊला उद्यमनगरात एकेक शटर वर जायचं आणि मग लेथ, ग्राइंडर, हातोडे असे एकामागून एक सुरू व्हायचे. शाळेत प्रार्थनेला एकेक वर्ग सूर लावतो ना, अगदी तसे. त्या गल्लीतलं शेवटून दुसरं शटर संघप्रियाच्या आजोबांचं. वर 'जोतीराम इंजिन वर्क्स' असा बोर्ड होता, पण तो वाचायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं. "आण्णांचं गॅरेज" म्हटलं की पानपट्टीवालासुद्धा हात करून दाखवायचा. आता तिथं मोबाईलचं रिचार्ज मिळतं. तरी जाता-येता संघप्रियाची मान तिकडं वळतेच. मानेला अजून कुणी कळवलेलं नाही, दुसरं काय!

ती आता दहावीत आहे आणि ही गोष्ट ती आठवीत असतानाची, म्हणजे दोन हजार चार सालची. दोनच वर्षं तर झाली, असं मोठी माणसं म्हणतात. मोठ्या माणसांचं काय जातंय? आठवी ते दहावी म्हणजे एक अख्खा जन्म असतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर कागलकडच्या जयसिंगरावांनी टेम्पोतून एक अजब वस्तू आणून गॅरेजसमोर उतरवली. चार जाड टायर, मोटरसायकलचं हँडल आणि घोड्यावर बसल्यासारखं सीट. गोव्यात कुणाकडून तरी जुनी विकत घेतलेली. अख्खी गल्ली काम टाकून बघायला जमली.

"आण्णा, ह्याला एटीव्ही म्हणत्यात," जयसिंगराव म्हणाले. ऊस, वीस म्हशी आणि शर्यतीचा नाद एवढी त्यांची ओळख पुरे. "पण हिच्यात दम ऱ्हायला न्हाय. पांढरा धूर सोडतीया. तीन आठवड्यांनी रविवारी माळावर शर्यत हाय. बेळगावचा एक गडी येणार हाय, त्याच्या मागं ऱ्हायलो तर गावात तोंड दावायची सोय न्हाय."

लेथवरच्या ज्ञानूकाकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "ट्रॅक्टर म्हणावं तर लहान, मोटरसायकल म्हणावं तर जाड. पावणं, ही खाती काय, पेट्रोल का पेंड?"

आण्णा हसले नाहीत. त्यांनी इंजिनावर तळवा ठेवला, दुसऱ्या हातानं चाक मागं-पुढं ढकललं आणि म्हणाले, "फोर स्ट्रोक हाय. चारशे सीसी, एकच पिस्टन. खोलून बघू."

खोललं तर कळलं, फाटक्या एअर फिल्टरमधून शेतातली सगळी धूळ पोटात गेलेली. सिलिंडरला आतून ओरखडे, पिस्टनच्या रिंगा झिजून कागद झालेल्या. मग काय, तीन आठवडे संघप्रियाची चैनच! शाळा सुटली की दप्तर फळीवर, फ्रॉकवर आण्णांचा जुना शर्ट, की पोरगी रॉकेलच्या तसराळ्यात कोपरापर्यंत बुडालेली. सिलिंडर अर्ध्या मिलीमीटरनं मोठा केला, त्याला मोठा पिस्टन आला. पेट्रोल जास्त यावं म्हणून कार्बोरेटरला मोठ्या भोकाचा जेट पडला. दाब वाढावा म्हणून आण्णांनी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खालून घासून घेतलं, आणि व्हॉल्व्ह जास्त उघडावेत म्हणून कॅमचं नाक उंच करून घेतलं.

खरी गंमत इथंच होती. हेड खाली आलं, व्हॉल्व्ह आणखी खाली उतरणार, आणि खालून पिस्टन वर येणार. दोघांनी एकमेकाला न शिवता मिनिटाला आठ हजार फेऱ्यांत नाचायचं. शिवले तर व्हॉल्व्ह वाकडा, पिस्टनला भोक आणि वर बसलेला माणूस भर वेगात हँडलवरून पुढं. मधे किती जागा उरली ते बाहेरून दिसत नाही. मग बघायचं कसं?

कणकेनं! पिस्टनच्या डोक्यावर तेलाचा हात लावून कणकेची चकती ठेवायची, हेड बसवून इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं, परत खोलायचं. व्हॉल्व्हनं कणीक जिथं दाबली तिथं ब्लेडनं कापून जाडी मोजायची. "दोन मिलीमीटरच्या खाली एक केसभर चालायचं न्हाय," हा आण्णांचा कायदा. आणि ही कणीक मळायचा मान वर्षभर संघप्रियाचा होता. घट्ट, न चिकटणारी, ठसा धरणारी. घरी तिच्या चपात्या कुणी खात नव्हतं ते सोडा, पण इंजिनं खात होती.

आण्णांनी तिला शब्द दिला होता, "हे इंजिन नीट गेलं की पुढच्याचे टॅपेट तू लावायचे." टॅपेट लावायचे म्हणजे व्हॉल्व्हवरची केसभर फट जुळवायची. रॉकेलमधून कणकेपर्यंत यायला एक वर्ष लागलं होतं. कणकेतून टॅपेटपर्यंत म्हणजे चौथीतून एकदम कॉलेजात! ही बातमी तिनं वर्गात इतक्यांदा सांगितली की बाईंनी तिला खिडकीजवळून उठवून पहिल्या बाकावर बसवलं.

शुक्रवारी संध्याकाळी माप घ्यायचं होतं. जयसिंगराव दोन मित्रांना घेऊन मुद्दाम बघायला आलेले. आण्णांनी कणीक कापली, तुकडा व्हर्नियरमध्ये धरला, शटरकडच्या उजेडात नेला. जवळ घेतला. लांब धरला. परत जवळ घेतला.

"दोन पॉईंट एक," ते म्हणाले. "पास."

संघप्रिया त्यांच्या खांद्यामागं उभी होती. तिला पट्टीवरची रेघ स्वच्छ दिसली. एक पॉईंट एक.

तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात जयसिंगरावांनी मांडीवर थाप मारली. "बघा! हे डोळं! मी म्हटलं न्हवतं, उभ्या जिल्ह्यात असा माणूस न्हाय?" मित्रांनी माना डोलावल्या. आण्णांची पाठ जराशी ताठ झाली. संघप्रियानं तोंड मिटलं.

तो तुकडा तिनं गुपचूप कंपासपेटीत टाकला आणि घरी आल्या आल्या शाळेच्या पट्टीवर ठेवला. एक रेघ आणि वर जरासं. मग बाकीचंही सगळं आठवायला लागलं. आण्णा हल्ली चहा बशीच्या काठावर ओततात. "बल्ब मंद झालाय" म्हणून महिन्यात दोन बल्ब बदलले. बारीक स्क्रू तिलाच शोधायला लावतात, आणि ती आपली खूश, की आपल्यावर केवढा विश्वास!

सांगावं तर गल्लीत बोभाटा होणार, की आण्णांना दिसत नाही. इंजिनाचं माप चुकलं म्हणजे त्यांच्या चाळीस वर्षांचंच चुकलं. न सांगावं तर रविवारी जयसिंगराव हँडलवरून पुढं.

शनिवारी शाळा अकराला सुटली. ती सायकल मारत गॅरेजवर पोचली तेव्हा इंजिन गाडीत बसलेलं, हँडलला झेंडूचा हार, आणि जयसिंगरावांच्या हातात नारळ. टेम्पो मागं लावून तयार. आता नारळ फुटणार आणि बटण दाबलं जाणार.

"थांबा!" ती सायकल टाकूनच ओरडली. "सुरू करू नका!"

"काय झालं गं?" आण्णा म्हणाले.

"आत कणीक ऱ्हायलीया." तिच्या तोंडातून आपोआपच निघालं. "मी पिस्टन पुसायला विसरलो, आण्णा. आत्ता वर्गात आठवलं मला."

जयसिंगरावांनी नारळ खाली ठेवला. "आण्णा, पोरीला इंजिनाजवळ घेतलासा तवाच मनात आलतं माझ्या. इंजिन हाय हे, चूल न्हवं!" मित्र फिदीफिदी हसले. ज्ञानूकाकांनी मान खाली घातली. संघप्रियाचे कान तापले, पण ती हलली नाही.

आण्णा तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. म्हणजे तिच्या दिशेनं. "खोला," ते म्हणाले. "ज्ञानू, पाने आण. पावणं, तुम्ही जेवून या. आणि संघे, टॅपेटचं इसर आता."

तिला रडू येणार होतं, पण पाने द्यायचे होते.

दीड तासानं हेड निघालं. आण्णा वाकले. डोळ्यांवर भरवसा नसल्यासारखे त्यांनी पिस्टनच्या डोक्यावरून बोट फिरवलं, कडेकडेनं, खळग्यांतून. पिस्टन लखलखीत कोरडा होता. कणकेचा कणही नव्हता. असणार कसा? संघप्रियानं तो तीनदा पुसला होता, आणि तिसऱ्यांदा पुसताना आण्णा शेजारीच होते.

ते तसेच वाकून राहिले. मग हळूच म्हणाले, "किती हुतं?"

"काय?"

"काल. माप किती हुतं?"

तिनं कंपासपेटी उघडून तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. "एक पॉईंट एक."

आण्णांनी तो दोन बोटांत धरून चाचपून बघितला आणि तिला परत दिला. ज्ञानूकाका उगीचच लेथ पुसायला लागले.

"कणीक मळून आण," आण्णा म्हणाले.

मग दुपारभर नुसती धांदल. पिस्टन काढला, शेजारच्या गल्लीत मशिनवर नेऊन त्याच्या डोक्यावरचे, व्हॉल्व्हला जागा देणारे खळगे मिलीमीटरहून जरा जास्तच खोल केले, परत बसवला. परत चकती, परत तेलाचा हात, परत दोन फेरे. जयसिंगराव जेवून, बाजार फिरून आले तेव्हा आण्णा ब्लेडनं कणीक कापत होते. कापलेला तुकडा आणि व्हर्नियर त्यांनी संघप्रियाच्या हातात दिला.

"वाच. मोठ्यानं."

"दोन पॉईंट दोन."

"परत वाच."

"दोन पॉईंट दोनच हाय की, आण्णा!"

"अजून कणीकच चाललीया व्हय?" जयसिंगराव म्हणाले. "सापडली का आतली?"

आण्णांनी हात पुसले आणि सरळ उभे राहिले. "आत काय न्हवतं, पावणं. काल माप मी चुकीचं वाचलो. मला दिसत न्हाय आता बारीक. पोरीला ठावं हुतं, तिनं माझ्यासाठी खोटं बोलून शिव्या खाल्ल्या. तसंच नेला असतासा तर उद्या तुमाला माळावर गोळा करावं लागलं असतं."

मित्रांचं हसू कुठल्या कुठं गेलं. जयसिंगरावांनी एकदा आण्णांकडं बघितलं, एकदा उघड्या इंजिनाकडं. मग खाली ठेवलेला नारळ उचलून संघप्रियापुढं धरला.

"फोड बाई. तूच फोड. आणि चूल म्हटलो ते मनात धरू नको."

"धरणार," संघप्रिया म्हणाली. "शर्यत जिंकला तर सोडीन."

दिवे लागायच्या आत इंजिन सुरू झालं. त्या आवाजाचं काय सांगावं! पत्रे थरथरले, समोरच्या झाडावरचे कावळे उठले. आण्णा डोळे मिटून उभे होते, कान इंजिनाकडं, आणि ओठ हलके हलत होते, जणू फेरे मोजत होते.

शर्यतीत जयसिंगराव दुसरे आले, बेळगावच्या गड्याच्या पुढं. पहिला आला त्याचं नाव कुणाला आठवत नाही. महिन्याभरात आण्णांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. टॅपेटचा शब्दही त्यांनी पाळला, संघप्रियाच्या वाट्याला तीन इंजिनांचे टॅपेट आले. मग तिच्या चुलत्यांनी काम गोकुळ शिरगावच्या कारखान्यात हलवलं आणि ते शटर कायमचं खाली आलं.

पण आण्णांच्या डोळ्यावरची पट्टी सुटली त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. आण्णा खाटेवर बसले, नवा चष्मा लावला, आणि पहिलं काय मागितलं असेल? व्हर्नियर. आणि तिच्या कंपासपेटीतला तो तुकडा, जो एव्हाना दगडासारखा झाला होता. त्यांनी तो धरला, उजेडात नेला, एकदाच बघितला.

"एक," ते म्हणाले.

"एक पॉईंट एक हुतं, आण्णा! मी वाचलेलं!"

"वाळून कमी झालंय ते," आण्णा म्हणाले आणि तुकडा चष्म्याच्या डबीत ठेवून दिला. "पण कणीक घट्ट हुती."

डबी अजून त्यांच्याकडंच आहे. मागितली तरी देत नाहीत.