गुरुवारी आलेला फोन

‘दुर्बी’ कागदावर होतं आणि ‘ण’ टेबलावरच्या मेणकापडावर. निळ्या शाईतला तो एकटा ण कुंदानं ओल्या फडक्यानं एकदा पुसला, दोनदा पुसला, तो फिका झाला पण गेला नाही… खाली आणखी दोन-तीन शब्दांची शेपटं तशीच कागदाबाहेर सांडलेली. कमलाकांतांना हल्ली कागद कुठे संपतो ते दिसत नाही. मधलं सगळं लख्ख दिसतं – पंचांगातले बारीक आकडेसुद्धा – कडा तेवढ्या गेल्यात. काचबिंदू दारातून येत नाही, भिंतींकडून येतो, असं ते स्वतःच सांगतात, जणू दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांबद्दल. एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

यादी बोटीसाठीची होती. इंडोनेशियातली बेटं, लाकडी बोट, तीन रात्री बोटीवरच झोपायचं, आणि दिवसा एकेका बेटावर उतरून कोमोडो बघायचे – आपल्याकडच्या घोरपडीची थोरली बहीण, दहा फूट लांब, उन्हात दगडासारखी पडून राहणारी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांनी तिला ते चित्र दाखवलं होतं. नवी नवरी, अंगावर अजून हळदीचा वास, आणि हा माणूस पुस्तक उघडून म्हणतो, ‘हे बघ, हिला एकदा जिवंत बघायचंय.’ हिला! कुंदाला तेव्हा हसू आलं होतं, आणि थोडं दुसरंही काही.

सव्वाअकरा झाले होते. फोन तीनदा वाजून गप्प झाला होता.

गुरुवारी ती पहाटेच्या आंघोळीपासून बाराच्या नैवेद्यापर्यंत बोलत नाही. बावीस वर्षं झाली. त्यात अवघड काही नाही. सुरुवातीला जीभ वळवळते, मग ती निजते आणि घरातले आवाज मोठे होतात – कुकरचा, नळाचा, शेजारच्या क्लासला आलेल्या मुलींच्या स्कूटींचा. सकाळी साडेसहाला, अकोल्याच्या बसला निघताना, चपला पायांनी चाचपत ते म्हणाले होते, “संध्याचा फोन तुझ्या नंबरवर येईल, अकराच्या आत. माझ्या डोळ्यांत औषध घातलेलं असेल, मला काही घेता येणार नाही. नुसतं हो म्हण. तिला बोटवाल्याला आज नावं कळवायचीत. आपण नाही म्हटलं तर वरूडचं एक जोडपं टपूनच बसलंय.” तिनं मान हलवली. “नुसतं हो. कळलं?” तिनं पुन्हा मान हलवली. आणि ते गेले, फाटकाला खांदा घासून, कारण फाटकाचा खांबही आता कडेला असतो.

ते गेल्यावर तिच्या लक्षात आलं की त्यांच्या लक्षात आलं नाही. पहाटेपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. चहा दिला, डबा दिला, डोळ्यांची फाइल पिशवीत घातली, सगळं मुक्यानं – आणि छत्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला आज वार कुठला ते कळलं नाही. मग मी काय पाटी लिहून तोंडासमोर धरायची होती?

म्हणून नाही उचलला. असं तिनं अकरा वाजता स्वतःला सांगितलं होतं. आधी सांगितलं होतं – व्रत आहे म्हणून. दोन्ही कारणं चांगली होती, घरातल्या भांड्यांसारखी, घासूनपुसून ठेवलेली. फक्त मध्ये सुंदराबाई होत्या.

सुंदराबाई ओट्यापाशी भांडी घासत होत्या आणि दर गुरुवारसारख्या दोघींच्या वाटचं बोलत होत्या. सून कशी उशिरा उठते, पिंटूच्या ऑटोचा टायर कसा राजापेठच्या चौकातच बसला… “तुमचं बरं हाये बाई. पुन्य तुमाले अन् घसा माहा बसते.” तेवढ्यात फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. “बाई, वाजून राहिला ना तो. कोनाचं काही काम असन.” तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी पदराला हात पुसले आणि पाऊल टाकलं. “मी उचलू काय? तुमचं मौन हाये, माहं थोडीच हाये! सांगतो ना मी, बाई देवापाशी हाये म्हनून. काय सांगू, हो का नाही?”

आणि कुंदानं हात वर केला होता. पंजा उघडा, ठाम, रस्त्यावरचा पोलीस करतो तसा. नको.

“राह्यलं,” सुंदराबाई म्हणाल्या, आणि पातेल्याकडे वळल्या. “आमाले काय.”

तो हात… फडकं पिळताना तिनं तो पाहिला. साधा हात, रोज गंध उगाळणारा. ‘हो’ म्हणायला सुंदराबाई तयार होत्या. लिहायला तर मौनात बंदीच नाही – वाणसामानाची यादी ती गुरुवारीच लिहिते, भाचीच्या वाढदिवसाला मोबाइलवर चार ओळींचा आशीर्वादही तिनं एका गुरुवारीच पाठवला होता. दोन अक्षरंसुद्धा नव्हती, एकच होतं. व्रताच्या आड काही नव्हतं. व्रताच्या आड ती होती.

बाराला नैवेद्य दाखवला. पाण्यानं चौकोन काढला. ‘श्रीगुरुदेव दत्त’ – गुरुवारचा पहिला शब्द – घशातून आला तो खरखरीत, न वापरलेल्या खोलीचं दार उघडल्यासारखा. मग तिनं फोन लावला.

“काकू! अहो किती वाट बघितली मी!” संध्या त्यांची जुनी विद्यार्थिनी, अकोल्याहून वर्षाला दोन-तीन सहली काढते. “सरांना लावला तर बंद. तिकडे बोटवाला डोक्यावर बसला होता. शेवटी वरूडवाल्यांना दिली मी ती केबिन… मला इतकं वाईट वाटून राहिलं ना. पण झालं काय होतं?” आणि कुंदानं तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “थांबा. आज गुरुवार! अरे देवा, तुमचं मौन. माझ्याच लक्षात यायला पाहिजे होतं. चुकलं माझं काकू, खरंच चुकलं.”

“असू दे गं,” कुंदा म्हणाली.

बावीस वर्षांत, मौन सुटल्यावर लगेच, इतका सोपा खोटेपणा तिनं कधी केला नव्हता. खोटा शब्द एकही नाही. नुसतं ‘असू दे’.

“एक होते पण,” संध्या सांगत होती, “खालच्या केबिनमध्ये तिघं पुरुष आहेत, चौथी जागा रिकामी आहे. सर एकटे येत असतील तर. तुम्हाला नाही जमणार मग. सहापर्यंत सांगा, तेवढं मी थांबवतो त्याला. फक्त काकू… त्या बोटीच्या पायऱ्या, ती उतरायची फळी… तुम्ही सोबत असत्या तर मला काळजी नव्हती.”

जेवण तिला गेलं नाही. ताट झाकून ती मागच्या पायरीवर बसली. आता खरं कारण काढायलाच हवं होतं, फणसातले गरे काढतात तसं, हाताला तेल लावून.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी थेंब घालणं सोडलं होतं. कोणाला न सांगता. रोज रात्री बाटली उघडायची, बंद करायची. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी फाइल बघून विचारलं तेव्हा म्हणाले, ‘घालून काय करायचंय? वाचायचं ते वाचून झालं.’ मुलगी अदिती रडली, कुंदानं दत्ताला नवस बोलला, काही उपयोग झाला नाही. मग संध्याच्या सहलीचं पत्रक आलं. त्या रात्री नऊला त्यांनी स्वतः मोबाइलवर गजर लावला. तेव्हापासून एक दिवस चुकलेलं नाही – नऊ वाजले की मान मागे, खालची पापणी ओढायची, एक थेंब, दोन मिनिटं डोळे मिटून – आणि त्या दोन मिनिटांत ते बोलत नाहीत. देव न मानणाऱ्या त्या माणसाचा नेम बघताना तिला वाटायचं, माझं काय आहे याच्यापुढे?

आणि नेम म्हटला की उद्यापन आलं. अदितीच्या वेळी तिनं सोळा सोमवार केले होते. सतराव्या सोमवारी उद्यापन, सतरा जोडपी जेवली, घर चुरम्याच्या वासानं भरलं. पुढच्या सोमवारी ती चारला उठली, आंघोळ केली आणि स्वयंपाकघरात उभी राहिली… हातांना काही नव्हतं. व्रत पूर्ण झालं होतं, आणि पूर्ण झालेल्या व्रताइतकं रिकामं काही नसतं, हे पोथीत कुठे लिहिलेलं नाही.

ते कोमोडो बघतील. बोटीच्या कठड्याला धरून, मधल्या त्या उरलेल्या गोल उजेडात ते जनावर पुरं येईल, जीभ काढील, पाऊल उचलील. मग परत येतील, आणि त्या रात्री नऊला गजर वाजेल… पुढचं तिला दिसत नव्हतं. म्हणजे दिसत होतं. म्हणूनच हात वर झाला होता. बघायचं राहिलंय तोवर हा माणूस बघत राहील – एवढंच, एवढंच मी धरून होते, त्याची एवढ्या वर्षांची तहान मी त्याच्यासाठी राखून ठेवत होते, जसं काही ती माझीच… आणि याला प्रेम म्हणायचं का दुसरं काही, हे दत्ताला विचारायची तिला भीती वाटली.

साडेचारला ते आले. ऑटोवाल्याला दोनदा घर ओलांडायला लावून. तिनं चहा त्यांच्या अगदी समोर ठेवला, कडेला नाही.

“आज ठिपक्यांची तपासणी झाली,” ते खुशीत होते. “पडद्यावर ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. अर्ध्या वेळा मी अंदाजानंच दाबलं. मास्तर असून कॉपी केली बघ! त्यांनी पकडलं. पण म्हणाले, जायचं तर या वर्षीच जा. पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही.” बशीत चहा ओतताना थोडा सांडला. “संध्याला सांगितलंस ना?”

“नाही.”

“म्हणजे?”

“फोन तीनदा आला. सुंदराबाई उचलतो म्हणत होत्या. मीच नको म्हटलं. आपली केबिन गेली.” एवढं सलग बोलून तिला दम लागला, पण ती थांबली नाही. “एक जागा आहे. तुमच्या एकट्यासाठी, तिघांच्या केबिनमध्ये. सहापर्यंत कळवायचंय.”

ते तिच्याकडे वळले. नुसते डोळे नाही, आता त्यांना सगळी मान वळवावी लागते, खांद्यासकट, सावकाश. ती त्यांच्या त्या उजेडात पुरी आली.

“आज वार कुठला?”

“गुरुवार.”

“हात् तिच्या!” त्यांचा चेहरा सैल झाला. “मग तू तरी काय करणार? मीच विसरलो. सकाळपासून बोलली नाहीस, आणि मी आपला… चूक माझी आहे, कुंदा.”

दिवसातली ही दुसरी माफी. पहिली तिनं घेतली होती, आणि ती अजून पचली नव्हती. ही तर आपणहून हातात येत होती, ओली, मऊ – मूठ मिटली की झालं. छत्तीस वर्षं तशीच पुढे चालली असती, कुठेही न खरचटता.

“गुरुवार होता,” ती म्हणाली. “पण त्यामुळे नाही.”

बशी त्यांच्या हातात अधांतरी राहिली.

“मग कशामुळे?”

बाहेर क्लास सुटला होता, स्कूटी एकामागून एक सुरू होत होत्या. पाच वाजत आले असतील. पुढचं वाक्य तिला ठाऊक होतं, पण ते त्यांना घरात ठेवील की एकट्यानं बोटीवर धाडील, हे ठाऊक नव्हतं. थेंब सोडायला लावील की घालायला, तेही नाही. काही बोलायच्या आधी देवघराकडे एकदा बघायची तिची सवय. आज तिनं बघितलं नाही, आणि त्यात देवाचा काही अपमान झाला असं तिला वाटलं नाही. ती त्यांच्याकडेच बघत होती. ते वाट बघत होते, आणि तिला घाई नव्हती, भीती होती – पण ती आता हात वर करायला लावणारी भीती नव्हती, दुसरीच होती, फळीवर पहिलं पाऊल ठेवणाऱ्याची असते तशी…