धाकटीच्या मुठीतलं भस्म

"माय वं! तापनं, तापनं!"

शिल्पा किंचाळली आणि धरणगावच्या बंद पडलेल्या कापूस-जिनिंगचं आवार दणाणलं. बायका पुढे सरकल्या, माणसं पत्र्यावर चढली. बाबाने दिलेलं चांदीपान आवळलेली मूठ शिल्पाने उघडली तर तळहातावर करडं भस्म, गरम गरम!

"पुण्याईचा ताप आहे बेटी हा!" तेजबाबा गरजला. "कैलासावरून डायरेक्ट! ना अर्ज, ना शिफारस! उरलेलं पान टाक तबकात, भस्म घे घरी."

मग त्याने रूपाच्या हातावर तसंच चांदीपान ठेवलं, अंगठा दाबला. रूपाने मूठ आवळली. डोळे मिटले. थंडगार.

बाबा हळहळला. "पोटात मत्सर आहे हिच्या."

अख्खं गाव रूपाकडे बघायला लागलं. लाजेने ती अर्धी झाली, कारण बाबाचं खरंच होतं. धाकटी जाऊ आल्यापासून रूपा जळत होती. दहा वर्षं सासूचं डोकं चेपलं रूपाने, आणि आता केसरबाईला उठताबसता शिल्पाच लागायची. त्यात दर गुरुवारचं हे भस्म. रोज सकाळी शिल्पा ते दुधात कालवून सासूला पाजायची. सासू म्हणायची, "मनी धाकटी सून लक्ष्मी शे."

आणि रूपा? रूपा मांडे भाजायची. लग्न कुणाचंही असो, तापलेल्या खापरावर रूपाच.

पण जळणाऱ्या माणसाची नजर बारीक असते. पुढच्या गुरुवारी बाबाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे मुठींकडे बघत होते. रूपा फक्त शिल्पाकडे बघत होती. म्हणून तिलाच दिसलं. शिल्पाच्या पानावर दाबण्याआधी बाबाने अंगठा शेजारच्या पाण्याच्या गडूत बुडवला होता. रूपाच्या वेळी अंगठा कोरडा.

घरी आली तर केसरबाईच्या हातातून कप पडलेला. हात लटलट कापत होते, हिरड्यांतून रक्त येत होतं. म्हातारी रूपाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू कोन शे वं?"

रूपा जावेकडे वळली. "शिल्पा, आईंचं भस्म बंद कर."

"जळतेस ना अक्का? बाबा म्हणाले, पाप बाहेर पडतंय आईंचं."

"हो, जळते! तरी बंद कर!"

शिल्पा ऐकेना. रूपा तडक डॉक्टर संघमित्रांच्या दवाखान्यात गेली. सगळं सांगितलं, जळणंसुद्धा. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "पुढच्या गुरुवारी मी येते. तोवर म्हातारीच्या तोंडात एक कणही जायला नको." रूपाने घरी येऊन भस्माची डबीच लपवली. शिल्पाने शिव्या घातल्या, रूपाने ऐकून घेतल्या.

गुरुवारी दोघी जावा शेजारी उभ्या राहिल्या. बाबाने शिल्पाच्या पानावर ओला अंगठा दाबला, रूपाच्या पानावर कोरडा. आणि रूपाने झटकन पानं बदलली!

"अक्का, काय करतेस!"

"आवळ मूठ. पुण्यवान ना तू?"

शिल्पाची मूठ थंड. रूपाची तापली. चांगलीच तापली.

"टाक, टाक तबकात!" बाबा धावला.

"कसाले? मी खापरावरचे मांडे उतरवते, बाबा. एवढ्याशा तापाने माझा हात सुटत नाही."

तशीच आवळलेली मूठ घेऊन ती गर्दीत उभ्या डॉक्टरांपुढे गेली आणि उघडली. राखेत अर्धवट कुरतडलेला चमकता पत्रा!

"बघा," संघमित्रा म्हणाल्या. "हे चांदीपान म्हणजे पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम कागद. त्यावर एक पातळ कवच असतं, म्हणून तो हवेत टिकतो. गडूतल्या पाण्यात पाऱ्याचा क्षार आहे. तो हे कवच टिकू देत नाही. मग धातू हवेत भराभर गंजतो, तापतो, त्याची राख होते. रूपाताई, आधी हात धुवा, साबणाने."

"पण आई तर हे खात होत्या..." शिल्पा पुढे आली.

"पारा पेशीत शिरतो, तिच्या प्रथिनांना चिकटतो. पेशीचं काम बंद पडतं, ती मरते. मूत्रपिंडं आधी तडाख्यात सापडतात. यकृताला मार बसला तर ते थोडंफार भरून काढतं. मेंदूच्या पेशी गेल्या की बहुतेक गेल्याच."

बाबा मागच्या फाटकाकडे सरकला, पण तिथे माणसं उभीच होती. डॉक्टरांनी कुणाला हात उगारू दिला नाही. पोलीस आले, गडू जप्त झाला. केसरबाईला त्याच दिवशी जळगावला नेलं. तपासणीत पारा निघाला. औषधं चालू झाली, मूत्रपिंडं आणि यकृत सावरलं. हाताचा कंप राहिला, विसरणंही.

आता मांडे भाजताना कुणी बाई चमत्काराची गोष्ट काढली की रूपा थांबवते. "मत्सर माझ्या पोटात होता, कबूल. पण पारा आईंच्या पोटात गेला. हात तापला तर आधी विचारा, त्याला लावलं काय? आणि विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हातचं तोंडात घालू नका."

केसरबाई अजूनही कधीकधी रूपालाच 'शिल्पा' म्हणून हाक मारते.

रूपाला लागतं. तरी ती ओ देते.